होळीनंतर ड्रोसोफिलाच्या बाटल्या ओस पडतात : आधी अंडं बघा, मग माध्यम बदला

बाटलीत ड्रोसोफिला, म्हणजे प्रात्यक्षिकांसाठी पाळलेल्या बारीक माशा, आहेत. उडतात, नर मादीच्या मागं लागतात, एक पंख पसरून थरथरवतात, सगळा संसार व्यवस्थित चाललेला दिसतो. पण आठ दिवस झाले तरी बाटलीत एक अळी नाही. माध्यमावर, म्हणजे तळाला ओतलेल्या गूळ-रव्याच्या खाद्यावर, ना चर, ना भोक. ओतलं त्या दिवशी होतं तसंच गुळगुळीत. आणखी पंधरा दिवसांनी म्हाताऱ्या माशा मरून तळाला चिकटतात आणि बाटली ओस.

परभणीकडच्या एका कॉलेजात मी अनुवंशशास्त्राची प्रात्यक्षिकं घेते. आमच्याकडं हे सलग चार उन्हाळे झालं. फेब्रुवारीत बाटल्या नुसत्या गजबजलेल्या असतात, होळी झाली की पिढी पातळ होते, एप्रिलअखेर बी मोडतं. मग जूनमध्ये कुणाच्या तरी हातापाया पडून वाण मागवायचं. पहिल्या वर्षी मी गूळ बदलला. दुसऱ्या वर्षी रवा बदलला, यीस्ट बदललं. तिसऱ्या वर्षी बुरशीवरचं औषध वाढवलं आणि होत्या त्या अळ्याही मारल्या. चौथ्या वर्षी कळलं की माध्यम बिचारं तीनही वर्षं बरंच होतं.

एक शब्दाचा घोळ आधी मिटवते. आपल्याकडं ‘फळमाशी’ म्हटलं की शेतकऱ्याच्या डोळ्यासमोर आंब्या-पेरूत अळ्या सोडणारी, गांधीलमाशीसारखी दिसणारी मोठी माशी येते. तिची जात वेगळी. आपली ड्रोसोफिला मेलॅनोगॅस्टर म्हणजे पिकल्या केळ्याभोवती घोंघावणारं चिलट, तांबड्या डोळ्यांचं, जेमतेम अडीच-तीन मिलिमीटरचं. दुकानात जाऊन ‘फळमाशीचा सापळा’ मागाल तर भलतंच हातात येईल.

अळी अडली कुठं?

बाटली बसली की लगेच नवं माध्यम शिजवायला घेऊ नका. आधी भिंग घ्या आणि गाडी कुठल्या स्टेशनवर थांबली ते बघा. २५ अंशांना अंड्यातून साधारण एका दिवसात अळी निघते, अळीच्या तीन अवस्था मिळून चारेक दिवस, कोषात आणखी चारेक दिवस, आणि दहाव्या दिवशी नवी माशी. १८ अंशांना हाच प्रवास जवळपास दुप्पट, एकोणीस-वीस दिवसांचा. म्हणजे बीओडी (तापमान कायम राखणारी पेटी, इन्क्युबेटर) १८ वर असेल तर सहाव्या दिवशी कोष नाहीत म्हणून रडण्यात अर्थ नाही. हसू नका, आमच्याकडं एका बॅचनं याच कारणावरून दोन डझन चांगल्या बाटल्या धुऊन टाकल्या आहेत.

अंडीच नसतील तर माद्या म्हाताऱ्या आहेत, उपाशी आहेत किंवा माध्यमाचा पृष्ठभाग वाळून कडक झाला आहे. अळ्या निघतात पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मरतात, तर संशय औषधावर, जिवाणूंवर, कोरडेपणावर. कोष काळे पडतात आणि माशी बाहेर येत नाही, तर उष्णता किंवा कोरडी हवा. आणि अंडी भरपूर आहेत, पण फुटतच नाहीत, असं असेल तर पुढचा भाग नीट वाचा, कारण आमचा रोग तोच होता.

अंडं दिसतं कसं? अर्ध्या मिलिमीटरचं, पांढरं, तांदळाच्या कणीसारखं, आणि एका टोकाला दोन नाजूक शिंगं. ती शिंगं माध्यमाच्या वर राहतात, अंडं आत रुतलेलं असतं. रव्याच्या माध्यमात रव्याचे कण आणि अंडी यांत फरक करता करता डोळे जातात. म्हणून मी वेगळी युक्ती करते. नुसतं ‘अगर’ (माध्यम थिजवणारी शेवाळाची भुकटी) पाण्यात उकळायचं, त्यात थोडा गूळ आणि चिमूटभर बारीक वस्त्रगाळ कोळसा घालायचा, आणि ते बाटल्यांच्या प्लास्टिकच्या झाकणांत ओतायचं. थिजलं की वर यीस्टची पातळ पेस्ट बोटानं फिरवायची. झाकण संध्याकाळी माशांच्या बाटलीत ठेवलं की सकाळी काळ्या पाटीवर खडूचे ठिपके दिसावेत तशी अंडी दिसतात. शंभर मोजा, झाकण २५ अंशांना ठेवा, दीड दिवसानं पुन्हा भिंगाखाली घ्या.

फुटलेलं अंडं म्हणजे रिकामी, चुरगळलेली पारदर्शक पिशवी. न फुटलेल्यांत दोन प्रकार निघतात आणि सगळं निदान या दोन प्रकारांत आहे. काही अंडी तपकिरी होतात: म्हणजे फलन झालं होतं, गर्भ वाढायला लागला आणि मध्येच मेला. काही मात्र पांढरीच्या पांढरी राहतात, दिवसेंदिवस, आणि शेवटी पिचकतात. ती फलनच न झालेली. आमच्या झाकणावर शंभरातली नव्वदवर अंडी पांढरी होती. तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा प्रकाश पडला की माद्या आपलं काम चोख करतायत. घोटाळा नरांकडं आहे.

नर तापले की वांझ होतात

ड्रोसोफिलाच्या नराची शुक्रपेशी घडण्याची प्रक्रिया उष्णतेला फार हळवी असते. ३० अंशांच्या आसपास वाढलेले नर दिसायला ठणठणीत, चालीरीतीनं पक्के, मादीशी संगही करतात. पण त्यांच्याकडं धड चालणारे शुक्राणू नसतात. मादीलाही उष्णता बाधते, पण इतक्या लवकर नाही. म्हणून बाटलीकडं पाहून काहीच कळत नाही. माशा मेल्या असत्या तर आम्ही पहिल्याच वर्षी तापमानाकडं पाहिलं असतं.

दुसरी मेख वाणाची. कॉलेजांत फिरणारी नेहमीची वाणं म्हणजे ओरेगॉन-आर आणि कॅंटन-एस. एक अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याचं, दुसरं ओहायोतल्या कॅंटन गावचं. थंड मुलखातली ही लेकरं आपण परभणीच्या पश्चिमेकडच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवतो. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे म्हणायला ठीक, पण मे महिन्यात पारा ४३-४४ ला टेकतो तेव्हा त्या कपाटात जर्मनीही टिकणार नाही. उष्ण प्रदेशातल्या रानटी चिलटांचे नर अंशभर जास्त सोसतात. एवढाच काय तो फरक.

तिसरी गोष्ट माझी चार वर्षं खाऊन गेली: वेळेचं अंतर. समजा शनिवारी रात्री लाइट गेली, रविवारी दिवसभर बीओडी बंद, सोमवारी सगळं पूर्ववत. मंगळवारी बाटल्या ठीकच दिसतात, कारण मोठ्या माशा जिवंत आहेत आणि आधीच्या अळ्या वळवळतायत. माद्यांनी आधीच्या संगातले शुक्राणू पोटात साठवून ठेवलेले असतात, त्यावर त्या पुढं काही दिवस फलित अंडी घालतात. पण त्या रविवारी जे कोषात होते ते नर आठवडाभरात बाहेर येतात, आपण ते नव्या बाटलीत टाकतो, आणि आणखी आठ दिवसांनी लक्षात येतं की अळ्या नाहीत. तोवर तो रविवार कुणाला आठवतो? आपण काल ओतलेल्या माध्यमाला शिव्या घालत बसतो.

खात्री करायची तर उलटसुलट जोड्या लावा. संशयित नर आणि चांगल्या वाणाच्या कुमारी माद्या एका बाटलीत. संशयित वाणाच्या कुमारी माद्या आणि चांगले नर दुसऱ्या बाटलीत. दुसरीत अळ्या आल्या आणि पहिलीत नाही आल्या, की नरच दोषी. नर ओळखायला त्याच्या पुढच्या पायावरचा काळा कंगवा बघा, पोटाच्या काळ्या टोकावर विसंबू नका. नुकत्या निघालेल्या माशीत ते फिकट असतं आणि फसवतं.

कुमारी माद्या मिळवतानाही उन्हाळा घात करतो. नवी माशी बहुतेक पहाटे-सकाळी कोषातून निघते. त्यामागच्या शरीरातल्या घड्याळाचा उलगडा याच माशीवर झाला आणि त्याला २०१७ चं नोबेल मिळालं. २५ अंशांना मादी निघाल्यापासून आठ तास संगाला तयार नसते, १८ ला सोळा तास. प्रात्यक्षिकाच्या वहीत हे आकडे असतात आणि विद्यार्थी ते प्रमाण मानतात. पण खोली तापली की हे गणित आखडतं. मी एप्रिलमध्ये सहा तासांपुढं जातच नाही, आणि मादी फिकट असून नुकत्या निघालेल्या माशीच्या पोटात असतो तो गडद ठिपका दिसत असेल तरच घेते. तुमच्या मेंडेलच्या गुणोत्तरात भलत्याच डोळ्यांच्या माशा येत असतील तर मेंडेलला नव्हे, घड्याळाला धरा.

वांझ झालेला नर कायमचा गेला असं नाही. त्याला २०-२२ अंशांना ठेवलं तर काही दिवसांनी बऱ्याच जणांची उत्पत्ती परत सुरू होते, कारण नवे शुक्राणू घडत राहतात. म्हणून ओस बाटलीतल्या जिवंत माशा फेकू नका. ताज्या माध्यमावर घ्या, बीओडीत खालच्या कप्प्यात ठेवा, दर तिसऱ्या दिवशी बाटली बदला आणि आठ-दहा दिवस धीर धरा. चौथ्या उन्हाळ्यात आमचं पांढऱ्या डोळ्यांचं वाण असंच परत आलं, अकरा नरांमधून.

बीओडी २५ दाखवतो, म्हणजे २५ आहे का?

नाही. आमच्या बीओडीच्या पाटीवर २५ होतं आणि वरच्या कप्प्यात २९. पाटीचा आकडा आतल्या एका कोपऱ्यातल्या तारेचा असतो. एका पेल्यात पाणी घाला, त्यात साधा थर्मामीटर उभा करा आणि पेला ज्या कप्प्यात बाटल्या आहेत तिथं ठेवा. हवेतला थर्मामीटर दार उघडताच चढतो-उतरतो, पाण्यातला खरं बोलतो. शिवाय गर्दीच्या बाटलीत अळ्यांची वळवळ आणि यीस्टचं फसफसणं यांमुळं आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा थोडं जास्तच असतं, तेही धरा. मी आता पेल्यात २४ येईल असं सेट करते.

आता खरा चोर. आमचा बीओडी एकच, आणि तो सूक्ष्मजीवशास्त्राबरोबर सामाईक. त्यांना ई. कोलाय या जिवाणूच्या प्लेटी खरं तर ३७ वर ठेवायच्या असतात; त्याला माशा मरतील म्हणून ते ३० वर भागवतात. शुक्रवारी दुपारी कुणीतरी बटण ३० वर नेतं, सोमवारी सकाळी परत २५ वर आणतं, आणि मधले तीन दिवस कुणाच्या वहीत नसतात. भांडण करायची सोय नाही. त्यांचंही प्रात्यक्षिकच आहे. एका पेटीत दोन मॉडेल ऑर्गॅनिझम (अभ्यासासाठी नमुना म्हणून पाळलेले जीव), एकाला माणसाच्या पोटाची ऊब हवी, दुसऱ्याला डिसेंबरातली दुपार. तसं पाहिलं तर प्रत्येकाचं असंच आहे: सी. एलिगन्स हा सूत्रकृमी २० अंशांना खूश असतो, प्रयोगशाळेतलं यीस्ट ३० ला, झेब्राफिश साडेअठ्ठावीसला. या यादीत झेब्राफिशच आपल्या मुलखातला, दक्षिण आशियातल्या ओढ्या-नाल्यांतला मासा, म्हणून त्याला आपली हवा त्यातल्या त्यात सोसते.

बटण फिरवण्याचा हा गुन्हा अगदीच वाया जातो असंही नाही, हे मी सूक्ष्मजीववाल्या सरांना ऐकवलं होतं. इटलीत फेरुच्चियो रिटोसा यांच्या प्रयोगशाळेत कुणीतरी असंच इन्क्युबेटरचं तापमान वाढवून ठेवलं. त्यांनी माशीच्या लाळग्रंथीतली गुणसूत्रं पाहिली तर भलत्याच जागी फुगवटे आलेले. १९६२ साली त्यांनी ते छापलं, आणि त्यातूनच पुढं उष्णतेच्या धक्क्याला पेशी कसं तोंड देते याचा सगळा अभ्यास उभा राहिला. सर म्हणाले, “मग मॅडम, आमचे आभार माना.” मी बीओडीच्या दारावर दोरीनं एक वही बांधली. बटण ज्यानं फिरवलं त्यानं वेळ आणि नाव लिहायचं. चोर सापडण्यापेक्षा त्या वहीचा फायदा हा की बाटली बसली की पंधरा दिवस मागं जाऊन पाहता येतं.

लाइट जाऊन आल्यावर बीओडी कुठल्या आकड्यावर परत येतो, हेही एकदा मुद्दाम स्विच बंद करून बघा. काही यंत्रं आधीचं सेटिंग विसरतात.

लोडशेडिंगमध्ये काय? माठ

पहिल्यांदा मी ओलं गोणपाट केलं. बाटल्यांचा ट्रे, त्यावर ओलं पोतं, वर पंखा. तापमान झकास उतरलं आणि चौथ्या दिवशी कापसाच्या बोळ्यांवर हिरवी-काळी बुरशी. ओल थेट बोळ्याला लागत होती. एका दुखण्यावरचं औषध दुसरं दुखणं होऊन बसलं.

मग आमचे शिपाई मामा म्हणाले, “मॅडम, पाणी बाहेर ठिवा की, आत कशाला?” त्यांच्या घरी दही असंच ठेवतात. मोठा पसरट मातीचा माठ घ्यायचा, जुना, पाझरणारा; रंग दिलेला नको. त्याच्या तळाशी चार बोटं वाळू, वाळूवर झाकणाचा स्टीलचा डबा, आणि डबा नि माठ यांच्या मधल्या जागेत पुन्हा वाळू ठासून भरायची. वाळू सकाळ-संध्याकाळ तांब्याभर पाण्यानं ओली करायची. बाटल्या डब्यात, कोरड्या. डब्याचं झाकण काडी घालून किंचित किलकिलं ठेवायचं, माशांना हवा लागते. माठ खिडकीत, वाऱ्याला, पण सावलीत. खोलीत ३८ असताना आमच्या डब्यात २७-२८ राहतं. अगदी २५ नाही, पण नराची लाज राखायला तेवढं पुरतं.

हे चालतं ते आपली उन्हाळ्याची हवा खणखणीत कोरडी असते म्हणून. पाणी भराभर उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. कोकणातल्या मैत्रिणीला मी हा माठ मोठ्या तोऱ्यात सुचवला, तिच्याकडं दोन अंशसुद्धा उतरले नाहीत. आपल्याकडंही जुलैत हवा दमट झाली की माठ निरुपयोगी होतो, पण तेव्हा गरजही उरत नाही. आणि पाणी? २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, तेव्हा माशांसाठी पाणी मागताना जीभ रेटत नाही हे मला कळतं. दिवसाला दोन तांबे लागतात, आणि ते बेसिनखाली बादली ठेवून हात धुतलेलं वापरलं तरी चालतं. साबण तेवढा नको.

त्याच मामांनी एकदा विचारलं होतं, “एवढी चिलटं पाळून करायचं काय?” प्रश्न बरोबर होता. मी त्यांना म्हटलं, मामा, माणसाच्या रोगांशी जोडलेली जेवढी जनुकं माहीत आहेत, त्यातल्या सुमारे पाऊण हिश्श्याचं भावंड या चिलटात सापडतं. गुणसूत्रांच्या फक्त चार जोड्या, दहा दिवसांत पिढी, खायला गूळ-रवा. थॉमस मॉर्गननं न्यूयॉर्कात दुधाच्या बाटल्यांत पाळलेल्या माशांत १९१० साली पांढऱ्या डोळ्यांचा एक नर सापडला आणि त्यावरून जनुकं गुणसूत्रांवर असतात हे पक्कं होत गेलं. १९३३ ला त्यांना नोबेल मिळालं. शिवाय २०१४ ला यूजीसीनं प्राणिशास्त्रातलं विच्छेदन बंद करायला सांगितल्यापासून आमच्याकडं बेडूक-झुरळाच्या जागी याच बाटल्या आल्या. मामांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मंजी गरिबाचं जनावर हाय.” याहून नेमकी व्याख्या मी वर्गात अजून दिलेली नाही.

उष्णतेशिवायची कारणं

अंडी तपासली, नर बरे निघाले, तर मग बाकीचे संशयित.

एका सोमवारी सगळ्या बाटल्यांतल्या माशा उताण्या पडलेल्या. अळ्यासुद्धा गप्प. तापमान ठीक, माध्यम ताजं. दोन दिवस डोकं खाजवल्यावर टेबलाखाली राखेची वाटोळी रांगोळी दिसली. रात्रपाळीच्या वॉचमननं आमच्या खोलीत डासांची कॉइल लावली होती. “डास लई चावायलेत मॅडम, बाहीर झोपू देईनात.” कॉइलमधलं किंवा प्लगमध्ये लावायच्या लिक्विडमधलं औषध डासाला जसं मारतं तसंच चिलटाला. एका रात्रीत अख्खी पेढी बुडते. भिंतीला फवारणी करून गेले, शेजारच्या खोलीत झुरळांचा स्प्रे मारला, हेही विचारा. बोळ्यांसाठी घरचा, रानातला कापूस आणू नका. त्यावर काय काय मारलेलं असतं ते आपल्या भागात कुणाला सांगायला नको. न शोषणारा कापूस विकत मिळतो, तो घ्या.

माशा मोजायला बेशुद्ध केल्या आणि परत उठल्याच नाहीत, पंख अंगापासून दूर ताठ उभे: हे ईथर जास्त झाल्याचं लक्षण. ईथर ३४.६ अंशांना उकळतं. एप्रिलच्या दुपारी तुमची खोली त्याहून तापलेली असते, त्यामुळं हिवाळ्यात जे दोन थेंब पुरायचे तेच आता जीव घेतात; बाटली उघडताना वाफेचा भपकारा येतो तो वेगळाच, आणि जवळ बर्नर असेल तर विचारूच नका. आम्ही उन्हाळ्यात ईथर बंद केलं. माशा कोरड्या बाटलीत घेऊन ती बर्फात रोवायची, काही मिनिटांत गार पडून निपचित होतात. मग बर्फावर ठेवलेल्या पेट्री डिशमध्ये मोजायच्या. बर्फ गोळेवाल्याकडून येतो. डिशमध्ये पाणी जमलं तर पंख चिकटतात, खाली टिपकागद घाला.

माध्यमाबद्दल. आपल्याकडं चालणारी साधी कृती ही: एक लिटर पाणी, १०० ग्रॅम गूळ, १०० ग्रॅम गव्हाचा रवा, १० ग्रॅम अगर, आणि शिजवून उतरवल्यावर साडेसात मिलिलिटर प्रोपिऑनिक आम्ल, हेच ते बुरशीवरचं औषध. ओतून गार झालं की वर यीस्ट. या आम्लाची वेळ चुकते तिथं निम्म्या तक्रारी जन्मतात. उकळत्या माध्यमात घातलं तर ते वाफेबरोबर उडून जातं (खोलीभर तो आंबूस वास आला की समजा गेलं) आणि आठवड्यात बुरशी येते. मग पुढच्या वेळी घाबरून दुप्पट घालतात आणि अळ्या मरतात. भांड्याला बाहेरून तळहात क्षणभर टेकवता येईल इतकं, म्हणजे साठेक अंशांपर्यंत उतरू द्या, मग घाला, नीट ढवळा. बोअरचं पाणी नको, आपल्याकडं त्यात क्षार फार, डिस्टिल्ड घ्या. गूळ फार पिवळाधमक दिसला तर मी घेत नाही, काळपट बरा. एप्रिल-मेमध्ये मी अगर ८ ग्रॅमवर आणते, कारण १० ग्रॅमचं माध्यम कोरड्या हवेत आकसून काचेपासून सुटतं आणि त्या फटीत अळ्या नि माशा अडकून मरतात. पावसाळ्यात परत १०. यीस्ट संपलं, गूळ संपला अशा अडचणीच्या दिवशी अर्धापूरचं पिकलेलं केळ कुस्करून, वर यीस्ट असेल तर भुरभुरून, एक पिढी निघते. पण त्याचं पाणी सुटतं, आत टिपकागदाची पट्टी उभी करा.

पृष्ठभाग ओला, चकचकीत, बोट लावलं तर तार सुटते, असा दिसला तर बुरशी नव्हे, जिवाणू आहेत. अशी बाटली वाचवत बसू नका. माशा एका दिवसाच्या अंतरानं दोन-तीन ताज्या बाटल्यांतून फिरवा, शेवटची ठेवा.

बारीक कोळी, म्हणजे माइट्स. बाटलीच्या गळ्याशी पिठासारखी पूड दिसते आणि भिंगाखाली ती पूड चालायला लागते. यातले काही अंडी खातात, काही माशीच्या अंगावर बसून पुढच्या बाटलीत जातात. महिन्याहून जुन्या बाटल्या ठेवायच्याच नाहीत, हा पहिला उपाय आणि खरं तर शेवटचाही. जुन्या बाटल्या कचऱ्यात टाकण्याआधी फ्रीजरमध्ये किंवा ऑटोक्लेव्हमध्ये घाला, नाहीतर कचऱ्याच्या डब्यातून मिरवणूक परत येते. खरजेवर लावतात ते बेंझिल बेंझोएट कागदावर लावून, वाळवून, तो कागद बाटल्यांखाली अंथरायची जुनी रीत आहे. उपयोग होतो, पण बाटलीच्या आत त्याचा थेंब जाऊ देऊ नका.

मुंग्यांसाठी घरात तुपाच्या भांड्याला करतो तेच. टेबलाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत.

आणि पाहुणे. मे महिन्यात केशर आंबा येतो, स्टाफरूममध्ये पेटी उघडते, आणि रानटी चिलटं दोन दिवसांत प्रयोगशाळेत. अंगावर डोक्यापासून लांब पांढरे पट्टे असलेली दिसली तर ती झाप्रिओनस इंडियानस, नावातच भारत असलेली. ती ओळखायला सोपी. ड्रोसोफिलाच्याच दुसऱ्या जाती मात्र विद्यार्थ्याला ओळखू येत नाहीत आणि बाटलीत शिरल्या की आपलं वाण हळूहळू बाजूला सारतात. यावर माझी एक राखणदार बाटली आहे: पांढऱ्या डोळ्यांच्या वाणाची. त्या बाटलीत नर-मादी सगळ्यांचे डोळे पांढरे असायला हवेत. एक जरी तांबड्या डोळ्यांची दिसली, की बाहेरचं कुणीतरी आत आलंय, आणि मग बाकीच्या बाटल्याही तपासायच्या. आंब्याची पेटी आता वरच्या मजल्यावर उघडते. प्राचार्यांनी त्याला ‘वैज्ञानिक कारण’ असा शेरा मारून मंजुरी दिली.

सुट्टीत वाण कुणी सांभाळायचं

उन्हाळी सुट्टी लागायच्या आठवड्यात प्रत्येक वाणाच्या तीन प्रती करा आणि तिन्ही एका छताखाली ठेवू नका. आमची एक बीओडीत १८ अंशांना असते, म्हणजे एकदा बदलली की जवळपास तीन आठवडे हात लावावा लागत नाही. दुसरी मामांच्या घरी माठात. तिसरी माझ्याकडं, आणि मी गावी जाते तेव्हा सासूबाईंकडं. बाटलीवर वाणाचं नाव आणि बदलल्याची तारीख काचेवर लिहायच्या पेननं लिहा. कागदी लेबल वाळूच्या ओलीनं गळून पडतं. बदलताना सगळ्या माशा ओतू नका: वीस-पंचवीस नव्या बाटलीत, उरलेल्या जुन्या बाटलीतच आणखी आठवडाभर राहू द्यात, नवीत अळ्यांचे चर दिसेपर्यंत.

जूनमध्ये पहिलं काम काळ्या झाकणाचं. प्रत्येक वाणाची शंभर अंडी, दीड दिवस, आणि पांढरी किती, तपकिरी किती, फुटली किती, हे वहीत. यंदा मामांच्या माठातल्या ओरेगॉनची ८१ फुटली, बीओडीतल्याची ७४. सासूबाईंची बाटली धुऊन, पालथी घालून ठेवलेली मिळाली.